सहा विरुद्ध सहा

डच माणसाला मराठीत एक जुना शब्द आहे: वलंदेज. जुन्या कागदपत्रांत तो फिरंगी, इंग्रज, फरासिस यांच्या रांगेत येतो. वेंगुर्ल्याला त्यांच्या वखारीच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. ही वखार नुसती व्यापाराची नव्हती. गोव्याच्या पोर्तुगिजांची नाकेबंदी करायची तर जहाजांना जवळपास पाणी आणि रसद मिळायला हवी, तीही सोय तिने केली. पोर्तुगीज त्या काळी अरबी समुद्र म्हणजे आपल्या परसातली विहीर असल्यासारखे वागत. त्यांचा ‘कार्ताझ’, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय गलबत हाकारले की ते जप्त.

या दादागिरीला वलंदेजांनी तोफांनी उत्तर दिले, तसे लेखणीनेही दिले. डेल्फ्ट गावच्या ह्यूगो ग्रोशियसचा ‘मारे लिबेरम’ हा छोटा ग्रंथ 1609 मध्ये छापून झाला. समुद्र कुणाच्याही मालकीचा होऊ शकत नाही, हे त्याचे सांगणे. ग्रोशियस काही संत नव्हता. डच ईस्ट इंडिया कंपनीने एक पोर्तुगीज जहाज पकडले होते, त्या लुटीच्या समर्थनार्थ केलेल्या वकिलीतून हा ग्रंथ निघाला. पण वकिली कुणासाठी केली हे लोक विसरतात आणि युक्तिवाद तेवढा उरतो, तसे इथे झाले.

आता, समुद्र कुणाचाच नाही म्हटले की लगेच पुढचा प्रश्न येतो. दोन देशांची जहाजे भर समुद्रात एकमेकांवर आदळली आणि माणसे मेली, तर तो गुन्हा कुणाच्या हद्दीत? हद्दीचा वाद आपल्याला काही नवा नाही. अपघात पुलाच्या अलीकडे झाला की पलीकडे, यावर दोन पोलीस ठाणी तासभर घालवतात. तिथे निदान पूल तरी असतो. समुद्रात खूणच नाही. या प्रश्नाचे उत्तर ग्रोशियसच्याच देशातल्या एका म्हाताऱ्या न्यायाधीशाने 1927 मध्ये दिले, आणि तो हरला. हे प्रकरण त्याच्याबद्दल आहे.

बर्नार्ड कॉर्नेलिस योहानेस लोडर. जन्म 13 सप्टेंबर 1849, ॲमस्टरडॅम. लायडनला कायदा शिकून त्याने वकिलीसाठी रॉटरडॅम गाठले. ही निवड पुढच्या साऱ्या आयुष्याची दिशा ठरवणारी निघाली. 1872 मध्ये रॉटरडॅमला थेट उत्तर समुद्राशी जोडणारा नवा जलमार्ग खुला झाला होता. ऱ्हाईन नदीच्या काठचा जर्मनीचा कोळसा, लोखंड, धान्य सगळे या बंदरातून ये-जा करू लागले. जहाजे वाढली की टकरी वाढतात, आणि टकरी वाढल्या की वकिलांना काम मिळते.

टकरीचा खटला कसा चालतो हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. रात्री जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा, आणि डोलकाठीवर पांढरा. समोरून येणाऱ्या जहाजाचा फक्त लाल दिवा दिसत असेल तर ते आपल्याला डावी बाजू दाखवते आहे. लाल आणि हिरवा दोन्ही दिसले तर ते सरळ अंगावर येते आहे. ब्रिजवर उभ्या असलेल्या माणसाला एवढ्यावरून ठरवायचे असते की सुकाणू कुठे फिरवायचे. मग कोर्टात दोन्ही जहाजांच्या नोंदवह्या उघडल्या जातात. एकीत लिहिलेले असते, ‘समोर हिरवा दिसला.’ दुसरीत, ‘आमचा लाल दिवा त्यांना दिसत होता.’ भोंगा किती वेळा वाजवला, इंजिन उलटे कधी फिरवले, सगळ्यांच्या वेळा वेगळ्या. दोन्ही कप्तान शपथेवर बोलतात आणि दोन्ही जहाजे कागदोपत्री एकमेकांना टाळून निघून गेलेली असतात. तरी त्यांतले एक तळाशी असते. अशा कागदांत वर्षानुवर्षे बुडालेल्या वकिलाला जहाज ही कल्पना राहत नाही. ब्रिजवरच्या माणसाला निर्णयासाठी किती कमी वेळ असतो, हे त्याला पाठ असते.

त्यातून भानगड अशी, की दोष दोघांचाही असला तर नुकसान कसे वाटायचे याचे नियम देशागणिक निराळे होते. इंग्लंडमध्ये दोष नव्वद-दहा असला तरी नुकसान निम्मे-निम्मे. दुसरीकडे वेगळाच हिशोब. म्हणजे खटला कोणत्या बंदरात दाखल होतो यावर निकाल ठरायचा. याला कंटाळलेल्या बेल्जियममधल्या काही वकिलांनी, विमेवाल्यांनी आणि जहाजमालकांनी 1897 मध्ये ‘कोमिते मारितीम अँतरनास्योनाल’ ही संस्था उभी केली. सागरी कायदा सगळीकडे एकसारखा करायचा, एवढा एकच उद्योग तिने घेतला. तिच्या संस्थापकांच्या मेळ्यात लोडर होता. या संस्थेच्या मसुद्यांवरच 23 सप्टेंबर 1910 ला ब्रुसेल्समध्ये दोन करार झाले, एक टकरींबद्दल आणि एक संकटातले जहाज वाचवण्याच्या मोबदल्याबद्दल. टकरीच्या कराराने निम्मे-निम्मे मोडीत काढले. ज्याचा जेवढा दोष, त्याच्या माथी तेवढा भार. इंग्लंडने पुढच्याच वर्षी स्वतःचा कायदा त्याप्रमाणे बदलला. पण हा करार पैशांपुरता होता. फौजदारी खटला कुणी चालवायचा, हे त्यात कुणी लिहिले नाही. ती मोकळी जागा पुढे महागात पडली.

1908 मध्ये लोडर नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाला. इथे त्याची कारकीर्द सन्मानाने संपली असती तरी चालले असते. पण पहिले महायुद्ध झाले, राष्ट्रसंघ निघाला, आणि जगाचे एक कायमचे न्यायालय हवे असे ठरले. त्याचा मसुदा करायला 1920 च्या उन्हाळ्यात हेगमध्ये दहा कायदेपंडित जमले. बेल्जियमचे देकां अध्यक्ष, लोडर उपाध्यक्ष. अमेरिकेचे एलिहू रूट आणि इंग्लंडचे लॉर्ड फिलिमोर हे त्यांतले वजनदार सभासद. न्यायाधीश निवडायचे कसे, यावर याआधीचे प्रयत्न फुटले होते. मोठ्या देशांना आपला माणूस हक्काने हवा होता आणि लहान देश ते मान्य करत नव्हते. रूट आणि फिलिमोर यांनी तोड काढली: उमेदवार राष्ट्रसंघाच्या परिषदेतही निवडून यावा आणि आमसभेतही. परिषदेत मोठ्यांचे चालते, आमसभेत लहानांचे. ही युक्ती आजही तशीच चालू आहे. समितीला आणखी एक हवे होते, ते म्हणजे एका देशाने दावा लावला की दुसऱ्याला कोर्टात यावेच लागेल. ते मात्र मोठ्या देशांनी कापून टाकले. यायचे त्याने यावे, असे ठरले. आजही तसेच आहे.

15 फेब्रुवारी 1922 ला हेगच्या शांतता महालात या न्यायालयाचे उद्घाटन झाले. पहिला अध्यक्ष लोडर, वय बहात्तर. अमेरिकेतल्या कार्नेगीच्या पैशांतून बांधलेली ती इमारत 1913 मध्ये उघडली आणि पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. इतक्या वर्षांनी तिला तिच्या तोलामोलाचे काम मिळाले.

पहिला मोठा खटला जहाजाचाच आला. ‘विम्बल्डन’ हे इंग्रज जहाज एका फ्रेंच कंपनीने भाड्याने घेतले होते. त्यात पोलंडसाठी 4,200 टन दारूगोळा आणि तोफा. सालोनिकाहून डान्झिगला जायचे. 21 मार्च 1921 ला ते कील कालव्याच्या तोंडाशी आले आणि जर्मनांनी अडवले. रशिया-पोलंड युद्धात आम्ही तटस्थ आहोत, युद्धसामग्री आमच्या कालव्यातून सोडणार नाही, असे त्यांचे म्हणणे. व्हर्सायच्या तहात मात्र हा कालवा सगळ्या देशांच्या जहाजांना खुला ठेवायचे लिहून दिलेले. जहाज अकरा दिवस तिथे बसून राहिले, मग डेन्मार्कला वळसा घालून 6 एप्रिलला पोहोचले. 17 ऑगस्ट 1923 ला लोडरच्या अध्यक्षतेखाली नऊ विरुद्ध तीन असा निकाल लागला: तह केला म्हणजे शब्द दिला, शब्द देता येणे हीच सार्वभौमत्वाची खूण, त्यामुळे शब्द पाळल्याने सार्वभौमत्व जात नाही. जर्मनीने 1,40,749 फ्रँक आणि 35 सांतीम द्यावेत. हे 35 सांतीम मला फार आवडतात. जगाचे पहिले न्यायालय, साम्राज्ये कोसळल्यानंतरचा काळ, आणि हिशोब मात्र बंदरातल्या कारकुनासारखा: अकरा दिवसांचे डेमरेज, म्हणजे खोळंब्याची भरपाई, दोन दिवसांचा वळसा, वरचा कोळसा.

लोडरची अध्यक्षपदाची तीन वर्षे 1924 अखेर संपली. स्वित्झर्लंडचे माक्स ह्यूबर अध्यक्ष झाले आणि लोडर साधा न्यायाधीश म्हणून बाकावर राहिला. तो खरा आठवणीत राहिला तो या दुसऱ्या काळामुळे.

2 ऑगस्ट 1926. मध्यरात्रीला थोडा अवकाश होता. ग्रीसच्या लेस्बॉस बेटाच्या उत्तरेला, सिग्री भूशिरापासून पाच-सहा सागरी मैलांवर, ‘लोटस’ हे फ्रेंच टपालजहाज इस्तंबूलकडे चालले होते. ब्रिजवर पहाऱ्याला लेफ्टनंट देमों. समोरून ‘बोझकुर्त’ हे तुर्की कोळसाजहाज. टक्कर झाली, बोझकुर्तचे दोन तुकडे झाले आणि ते बुडाले. आठ तुर्क मेले. लोटसने थांबून दहा जणांना पाण्यातून काढले. त्यांत बोझकुर्तचा कप्तान हसन बे होता. मग लोटस पुढे निघाले आणि 3 तारखेला इस्तंबूलला लागले. 5 तारखेला देमोंला जबाबासाठी किनाऱ्यावर बोलावले आणि तिथेच अटक केली. हसन बेलाही धरले. सप्टेंबरमध्ये फौजदारी कोर्टाने देमोंला 80 दिवसांची कैद आणि 22 पौंड दंड ठोठावला, हसन बेला त्याहून जरा जास्त.

80 दिवस! त्यातले जवळपास निम्मे तर जामिनाआधीच भोगून झालेले. मग फ्रान्सने एवढे आकांडतांडव का केले? आणि तुर्कस्तानने का माघार घेतली नाही? कारण प्रश्न 80 दिवसांचा नव्हताच. ऑटोमन काळात तुर्कस्तानात युरोपियन माणसावर तुर्की कोर्टात खटला चालत नसे. त्याच्या देशाचा वाणिज्यदूत त्याचा न्याय करी. 1923 च्या लोझानच्या तहाने ही लाजिरवाणी सवलत नुकतीच मोडली होती. नवी दंडसंहिता लागू होऊन जेमतेम महिना झाला होता. इल्बर्ट बिलाचा गदारोळ ज्यांनी वाचला आहे त्यांना तुर्कांची ही नस लगेच कळेल. गोऱ्याला काळ्या न्यायाधीशापुढे उभे करायचे नाही, हा हट्ट आपण 1883 मध्ये कलकत्त्यात पाहिला. त्यामुळे तुर्कांचे न्यायमंत्री महमुत एसात स्वतः हेगला येऊन युक्तिवादाला उभे राहिले. पुढे 1934 मध्ये तुर्कस्तानात आडनावे सक्तीची झाली तेव्हा त्यांनी घेतलेले आडनाव: बोझकुर्त. बुडालेल्या जहाजाचे नाव.

निकाल 7 सप्टेंबर 1927 ला आला. बारा न्यायाधीश, सहा तुर्कस्तानच्या बाजूने, सहा विरुद्ध. अध्यक्ष ह्यूबर यांच्या निर्णायक मताने तुर्कस्तान जिंकले. बहुमताचा युक्तिवाद दोन पायऱ्यांचा होता. पहिली पायरी: स्वतंत्र देशांवरची बंधने गृहीत धरायची नसतात, तुर्कस्तानला असा खटला चालवायला मनाई करणारा नियम फ्रान्सने दाखवावा. दुसरी पायरी: जहाज म्हणजे त्याच्या झेंड्याच्या देशाचा तुकडा, माणसे बोझकुर्तवर मेली, म्हणजे गुन्ह्याचा परिणाम तुर्की भूमीवर झाला.

लोडरचे मत वेगळे छापले आहे. बहुमताच्या पहिल्या पायरीचे त्याने केलेले वर्णन साधारण असे: करार किंवा रूढीने बंद केलेले नसेल ते प्रत्येक दार उघडेच आहे, असे हे म्हणणे. आणि हे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या वृत्तीलाच धरून नाही, असे त्याने बजावले. दुसऱ्या पायरीसाठी त्याने बंदुकीच्या गोळीची तुलना तपासली. सीमेच्या अलीकडून झाडलेली गोळी पलीकडच्याला लागली, तर गुन्हा पलीकडे झाला असे मानता येते, कारण झाडणाऱ्याचा रोख तिथे होता. देमोंचा रोख कुठेच नव्हता. त्याची चूक झाली असेल तर ती लोटसच्या ब्रिजवर झाली, फ्रेंच झेंड्याखाली. निष्काळजीपणाला नेम नसतो.

मला हे मत पटते, आणि ते कायद्याच्या तर्कापेक्षा बंदराच्या अनुभवामुळे. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र एका देशाचे, शिस्त एका देशाची, नियमपुस्तक एका देशाचे. ज्या बंदरात जहाज लागेल तिथला फौजदार त्याला उतरवून घेऊ शकतो, असे झाले तर माणसे वाचवायला थांबावे की पळावे हा हिशोब कुणीतरी करू लागेल. लोटस थांबले होते. तुर्कांच्या अभिमानाला माझी सहानुभूती आहे. पण अपमानाची भरपाई करायला ब्रिजवरचा माणूस ही जागा चुकीची होती.

हिशोब नीट मांडायचा तर हेही सांगायला हवे, की विरोधी सहांतले अमेरिकेचे मूर यांचा आक्षेप तुर्की दंडसंहितेच्या एका कलमापुरता होता. टकरीच्या मुद्द्यावर ते बहुमताबरोबर होते. म्हणजे नेमक्या या प्रश्नावर लोडरची बाजू पाच विरुद्ध सात अशी पडली. अशा प्रश्नावर न्यायाधीश दुभंगण्याची ही पहिली खेप नव्हती. 1876 मध्ये डोव्हरजवळ ‘फ्रँकोनिया’ या जर्मन जहाजाने एक इंग्रज जहाज बुडवले, तेव्हा इंग्लंडच्या न्यायाधीशांनीही सात विरुद्ध सहा असा निकाल दिला होता, परदेशी कप्तानाच्या बाजूने.

लोडर 1930 पर्यंत न्यायालयात राहिला आणि 4 नोव्हेंबर 1935 ला हेगमध्ये वारला. लोटसचा निकाल तेव्हा कायम होता आणि जहाजी वर्तुळात त्याबद्दल अस्वस्थता होती. ‘मनाई नाही ते मुभा’ हे सूत्र कायद्याच्या वर्गांत ‘लोटस तत्त्व’ म्हणून शिकवले जाऊ लागले, अजून शिकवतात. पण टकरीपुरता निकाल टिकला नाही. तो मोडायचे काम लोडरच्याच जुन्या संस्थेने हाती घेतले. 10 मे 1952 ला ब्रुसेल्समध्ये करार झाला: खुल्या समुद्रातल्या टकरीसाठी अधिकाऱ्यावर खटला चालवायचा तो त्याच्या जहाजाच्या झेंड्याच्या देशाने किंवा त्याच्या स्वतःच्या देशाने, तिसऱ्या कुणी नाही. 1958 च्या जिनिव्हा करारात तेच आले. 1982 च्या सागरी कायद्याच्या करारात ते कलम 97 झाले. भारताने 1995 मध्ये तो करार मंजूर केला. तुर्कस्तान आजही त्याचा सभासद नाही.

आपल्याकडे या जुन्या फायली एकदा जोरात उघडल्या गेल्या. 15 फेब्रुवारी 2012 ला, म्हणजे हेगच्या उद्घाटनाला बरोब्बर नव्वद वर्षे होत असताना, केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे वीस सागरी मैलांवर ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरून गोळीबार झाला आणि दोन भारतीय मच्छीमार ठार झाले. दोन इटालियन नौसैनिकांना कोचीत अटक झाली. इटलीने कलम 97 पुढे केले, आणि सर्वोच्च न्यायालयात लोटसची चर्चा पुन्हा रंगली. गोळीबार म्हणजे टक्कर किंवा नौकानयनातला अपघात नव्हे, म्हणून हे कलम इथे लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये म्हटले. 2020 मध्ये हेगच्या लवादानेही कलम 97 लागू नसल्याचे सांगितले, पण नौसैनिक सरकारी कामावर होते म्हणून त्यांना भारतीय खटल्यापासून मुक्तता दिली आणि भारताला भरपाईचा हक्क. गोळीला रोख असतो, चुकीला नसतो. लोडरने 1927 मध्ये केलेला फरक इथे इटलीच्या युक्तिवादाविरुद्ध गेला.

कलम 97 फक्त खुल्या समुद्रासाठी आणि किनाऱ्यालगतच्या बारा मैलांपलीकडे आहे, हेही लक्षात घ्यावे. 7 ऑगस्ट 2010 ला ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया 3’ मुंबईच्या तोंडाशी आदळली, कंटेनर पाण्यावर तरंगत गेले आणि तेलाचा थर किनाऱ्यांना लागला. ती टक्कर आपल्याच पाण्यात झाली होती; तिथे हद्दीचा वाद नव्हता.

पण समजा हर्णैचा एखादा मुलगा पनामाच्या झेंड्याखालच्या जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. अटलांटिकमध्ये मध्यरात्रीच्या पहाऱ्यात त्याच्या हातून टक्कर होते आणि समोरच्या ब्राझिली जहाजावरची माणसे जातात. या टकरीसाठी त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा अधिकार दोघांनाच आहे: झेंडा ज्याचा त्या पनामाला, आणि पासपोर्ट ज्याचा त्या भारताला. ब्राझीलला नाही.